एका वाचनांत अनेक शब्द

कांहीं वर्षांपूर्वी आमच्या मंडळानें जात्यावरच्या ओव्यांचा एक संग्रह छापावयास घेतला, आणि त्याची सूची करण्याचें काम माझ्याकडे आलें. मजकूर सुमारें ४०० पानांचा. सूचींत घ्यावयाचे शब्द २००. देवांचीं नांवें, गांवांचीं नांवें, दागिने, धान्यें, झाडें. ज्यांनीं कधीं सूची केली आहे त्यांस हें काम कसें असतें तें सांगावयास नको, आणि ज्यांनीं केली नाहीं त्यांस सांगून पटावयाचें नाहीं. प्रथम मी एकेक शब्द मनांत धरून सारें पुस्तक वाचीत असें. 'जोंधळा' शोधून झाला कीं पुनः पहिल्या पानापासून 'तुळस'. आठ दिवसांत सात शब्द झाले. दोनशें शब्दांना किती महिने लागतील ह्याचें गणित मांडलें आणि घाबरून ती रीत सोडली. मग सारी यादी समोर ठेवून पुस्तक एकदांच वाचावयाचें ठरविलें. आतां वाचन एकच. पण घडोघडीं थांबून यादीकडे पाहावयाचें, डोळे पानावरून यादीवर आणि यादीवरून पानावर. मान दुखूं लागली, आणि यादीच्या तळाचे शब्द हळूहळू डोळ्यांआड होऊं लागले. 'पिंपळ' किती ठिकाणीं सुटला तें पुस्तक बांधून हातांत आल्यावर कळलें. कळविणारा वाचक सभ्य होता. त्यानें पोस्टकार्डावर केवळ पानांचे आंकडे लिहिले होते, दुसरें कांहीं नाहीं.

दुसऱ्या खंडाच्या वेळीं माझा भाचा सुट्टींत घरीं आला होता. त्याचा व्यवसाय संगणकाचा. त्यानें माझी यादी व मजकूर दोन्ही मागून घेतलीं, कांहीं ओळी लिहिल्या, आणि मी चहाचा पेला खालीं ठेवतों न ठेवतों तोंच सूची माझ्यापुढें केली. मला आनंद झाला नाहीं असें नाहीं; पण त्याबरोबर थोडा रागही आला. मीं म्हटलें, "तुझें यंत्र दोनशें वेळां पुस्तक वाचतें, पण फार झपाट्यानें वाचतें, इतकेंच ना?"

"नाहीं मामा," तो म्हणाला, "तें एकदांच वाचतें. तुमची यादी दोन हजार शब्दांची असती, तरीही तें एकदांच वाचतें."

हें वाक्य मला कांहीं केल्या पटेना. यंत्राची चपळाई मी समजूं शकत होतों. परंतु शब्द दहापट झाले तरी वाचनाचे श्रम वाढत नाहींत, हें म्हणणें व्यवहाराला सोडून वाटलें. त्या रात्रीं कागद-पेन्सिल घेऊन त्यानें मला जें समजावून दिलें तेंच आज आपणांपुढें मांडावयाचें मीं योजिलें आहे. त्यांत गणित आहे, पण तें हिशेबाच्या वहीपलीकडचें नाहीं.

ही युक्ति १९७५ सालची. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळांत आल्फ्रेड एहो व मार्गारेट कोरासिक ह्या दोघांनीं ती त्या वर्षींच्या जून महिन्यांत प्रसिद्ध केली. आणि ती ज्या अडचणींतून निघाली ती अडचण माझ्यासारखीच, ग्रंथालयांतली होती. संशोधकाला आपल्या विषयावरील लेख हवे असतात. तो ग्रंथपालाला सांगतो, 'अमुक शब्द किंवा तमुक शब्द शीर्षकांत असावा, पण तिसरा नसावा.' मग लेखांच्या शीर्षकांच्या प्रचंड याद्या संगणकाकडून वाचवून घ्यावयाच्या. तेथील पहिली रचना सरळ, साध्या शोधाची होती. तिच्या जागीं ही नवी युक्ति बसवितांच नेहमींच्या कामांना लागणारा वेळ पूर्वीच्या पंचमांशापासून दशमांशापर्यंत खालीं आला. एहो ह्यांना पुढें जेफ्री उलमन ह्यांच्याबरोबर २०२० सालचें ट्यूरिंग पारितोषिक मिळालें, तें संगणकाच्या भाषांवरील त्यांच्या एकंदर कामगिरीबद्दल. पण ज्यांना त्या भाषांचा गंधही नाहीं अशा असंख्य लोकांच्या उपयोगीं पडलें तें हें शब्द-शोधाचें काम, असें मला वाटतें.

सरळ रीत कोणती तें आधीं पाहूं. मजकुराच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवावयाचें आणि विचारावयाचें, येथून यादींतला पहिला शब्द सुरू होतो काय? दुसरा होतो काय? असें यादी संपेपर्यंत. मग बोट एक अक्षर पुढें, आणि पुनः तीच विचारणा. ४०० पानांत दर पानीं २००० अक्षरें धरलीं तर ८ लाख अक्षरें झालीं. २०० शब्दांकरितां निदान १६ कोटी वेळां विचारणा. ह्याहून वाईट गोष्ट अशी कीं, एखादा शब्द तीन अक्षरें जुळून चौथ्यावर फसला म्हणजे पुढचा शब्द हीं वाचलेलींच अक्षरें पुनः वाचून पाहतो. खरा अपव्यय येथें आहे. तीन अक्षरें जुळलीं ह्याचा अर्थ तीं कोणतीं होतीं हें आपणांस ठाऊक झालें. आणि ठाऊक झालेली गोष्ट आपण टाकून देतों व पुनः विचारावयास जातों.

आतां एक लहान यादी घेऊं: 'नगर', 'गरज', 'रजनी' आणि 'जन'. चारच शब्द. संगणक आपलें अक्षर जसें लिहितो त्यांत काना, मात्रा, वेलांटी हीं स्वतंत्र चिन्हें असतात, एवढें ध्यानांत ठेवावें. म्हणजे 'रजनी'चीं चिन्हें चार: र, ज, न आणि वेलांटी.

एक जुना वाडा कल्पावा. दाराशीं देवडी. देवडींतून चार वाटा निघतात, कारण आपले शब्द चार निरनिराळ्या अक्षरांनीं सुरू होतात. 'न' ह्या अक्षराची वाट धरली कीं 'न' नांवाच्या खोलींत येतों. तेथून 'ग' घेऊन 'नग' ह्या खोलींत. तेथून 'र' घेऊन 'नगर' ह्या खोलींत. तेथें भिंतीवर चिठ्ठी लाविली आहे: 'येथें नगर हा शब्द सांपडला.' त्याचप्रमाणें ग, गर, गरज, र, रज, रजन, रजनी, ज, जन. देवडी धरून एकंदर तेरा जागा. दोन शब्दांची सुरुवात सारखी असेल तर त्यांच्या आरंभींच्या खोल्याही एकच होतात, त्यामुळें मोठ्या यादीलाही वाटतें तेवढा मोठा वाडा लागत नाहीं. शब्दांच्या असल्या वृक्षाला एडवर्ड फ्रेडकिन ह्यांनीं १९६० सालीं 'ट्राय' असें नांव दिलें. 'रिट्रीव्हल' म्हणजे हुडकून काढणें, ह्या इंग्रजी शब्दाच्या पोटांतून तें काढलेलें आहे.

एवढ्यानें काम भागत नाहीं. पुढची वाट नसेल तेव्हां काय करावयाचें? देवडीवर परत येऊन पुनः सुरुवात केली तर मधले शब्द निसटतील. आणि मजकुरांतलें बोट मागें न्यावयाचें तर जुना अपव्यय पुनः उभा राहील. एहो-कोरासिक ह्यांच्या युक्तीचा सारा भर ह्या ठिकाणीं आहे. त्यांनीं प्रत्येक खोलीला एक माघारीची वाट ठेविली. ती कोठें जाते? त्या खोलीच्या नांवाचें शेपूट घ्यावें, आणि जें सर्वांत लांब शेपूट वाड्यांतील दुसऱ्या एखाद्या खोलीचें नांव असेल त्या खोलींत ती जाते. 'नगर' ह्या नांवाचें शेपूट 'गर'. आणि 'गर' नांवाची खोली आहे, कारण 'गरज' तसाच सुरू होतो. म्हणून 'नगर'मधून माघार 'गर'मध्यें. 'गरज'चें शेपूट 'रज'. ती खोली 'रजनी'च्या वाटेवर आहे. 'रजन'चें शेपूट 'जन', तीही आहे. 'रजनी'चें एकही शेपूट कोणत्याच खोलीचें नांव नाहीं, म्हणून तेथून माघार थेट देवडीवर.

आतां मजकुरांत 'नगरजन' हा शब्द आला असें समजूं. न, ग, र वाचून आपण 'नगर'मध्यें आलों. चिठ्ठी दिसली, नोंद झाली. पुढचें अक्षर 'ज'. 'नगर'मधून 'ज'ची वाट नाहीं. बोट तेथेंच ठेवून माघारीच्या वाटेनें 'गर'मध्यें गेलों. येथून 'ज'ची वाट आहे. 'गरज'मध्यें आलों, दुसरी चिठ्ठी. पुढचें अक्षर 'न'. 'गरज'मधून वाट नाहीं. माघारीनें 'रज'मध्यें, तेथून 'न' घेऊन 'रजन'मध्यें. ही खोली कोणत्याही शब्दाचा शेवट नव्हे, 'रजनी' अजून पुरा व्हावयाचा आहे. पण वाडा बांधतांनाच येथें एक चिठ्ठी लाविलेली आहे, कारण ह्या खोलीचें नांव 'जन' ह्या शब्दानें संपतें. तिसरी नोंद झाली. पांच अक्षरें वाचलीं, तीन शब्द सांपडले, आणि बोट एकदांही मागें आलें नाहीं.

ही युक्ति चुकत कां नाहीं? कारण आपण ज्या खोलींत असतों तिचें नांव म्हणजे आतांपर्यंत वाचलेल्या मजकुराचें असें शेपूट, कीं जें यादींतल्या एखाद्या शब्दाचा आरंभ होऊं शकतें. आणि अशा शेपटांतलें सर्वांत लांब. पुढें कोणता शब्द पुरा होऊं शकेल हें ठरविण्यास मागच्या साऱ्या मजकुरापैकीं एवढेंच लागतें, बाकीचें विसरलें तरी चालतें. चारशें पानें वाचणाऱ्याला एका वेळीं एका खोलीचें नांव तेवढें ध्यानांत ठेवावयाचें आहे. हें मला समजलें तेव्हां मीं पेन्सिल खालीं ठेवली. माझी मान दुखत होती ती उगीचच नव्हे. मी दोनशें शब्द एकदम डोक्यांत धरावयास पाहत होतों.

आतां श्रमांचा हिशेब. माझी शंका अशी कीं, माघारी पुष्कळ झाल्या तर? भाच्यानें उत्तर दिलें तें जिन्याच्या पायऱ्यांचें. एक अक्षर वाचलें कीं देवडीपासून आंत एकच पाऊल पडतें. प्रत्येक माघार निदान एक पाऊल दाराकडे नेते. जितकीं पावलें आपण आंत गेलों त्याहून अधिक मागें येणें शक्य नाहीं. तेव्हां ८ लाख अक्षरांच्या मजकुरांत पुढचीं पावलें फार तर ८ लाख, आणि माघारी त्याहून कमी. सारे मिळून १६ लाखांच्या आंत. १६ कोटींच्या जागीं १६ लाख. आणि ह्या हिशेबांत यादींतील शब्दांची संख्या कोठें आली, पाहा. आलीच नाहीं. शब्द दोनशें असोत वा दोन हजार, पावलें तितकींच. सांपडलेले शब्द लिहून घेण्यास वेळ लागेल तो वेगळा, पण तो कोणत्याही रीतीनें लागणारच.

शब्दांची किंमत मोजावी लागते ती आधीं, वाडा बांधतांना. तेथेंही काम यादींतल्या एकूण अक्षरांच्या प्रमाणांतच राहतें. माघारीच्या वाटा देवडीजवळच्या खोल्यांपासून क्रमानें आंत ठरवीत जावयाच्या, म्हणजे पूर्वीं ठरलेल्या वाटा पुढच्यांना उपयोगीं पडतात. 'नगर'ची माघार ठरविण्यास 'नग'ची माघार 'ग' आहे एवढें पाहिलें, 'ग'मधून 'र' घेतला, कीं 'गर' मिळाला. मात्र वाड्याला जागा लागते. शब्द लाखोंनीं असले तर संगणकाच्या स्मृतींत हा वाडा बराच ऐसपैस होतो, आणि तो दाटीवाटीनें कसा बसवावा ह्यावर पुढें अनेकांनीं डोकें चालविलें आहे.

ह्या कल्पनेचीं मुळें अर्थात् ह्या दोघांच्या पूर्वींचीं आहेत. ठराविक अवस्थांतून फिरणाऱ्या यंत्राचें गणित स्टीफन क्लीनी ह्यांनीं १९५६ सालच्या लेखांत मांडलें होतें. एकाच शब्दाच्या शोधांत बोट मागें न नेण्याची युक्ति डोनल्ड क्नूथ, जेम्स मॉरिस व व्हॉन प्रॅट ह्यांची; त्यांचा लेख १९७७ सालीं छापून आला, पण ती कल्पना जाणकारांत त्याआधींच फिरत होती, आणि एहो-कोरासिक ह्यांनीं तिलाच अवस्थांच्या यंत्राशीं जोडून अनेक शब्दांपर्यंत नेलें. त्याच १९७७ सालीं बॉयर व मूर ह्यांनीं आणखी एक चमत्कारिक रीत दाखविली: शब्द शेवटाकडून जुळवून पाहावयाचा, म्हणजे मजकुरांतलीं कित्येक अक्षरें न वाचतांच ओलांडतां येतात. एकट्या लांब शब्दाला ती रीत फार लाभते. पण यादी मोठी आणि तिच्यांत दोन-तीन अक्षरांचे शब्द असले, कीं उडी सर्वांत आंखूड शब्दाहून लांब मारतां येत नाहीं, व लाभ आटतो. ओव्यांत तर 'जन', 'सखा', 'माय' असलेच शब्द.

एहो ह्यांनीं आपल्या युक्तीचें 'एफ्-ग्रेप' नांवाचें उपकरण केलें आणि तें १९७९ सालच्या युनिक्स प्रणालींत सर्वांच्या हातीं आलें. आज हीच युक्ति आपल्या नकळत घरोघरीं राबते. संगणकांत शिरलेले घातक कार्यक्रम ओळखणारीं 'क्लॅमएव्ही'सारखीं साधनें, अशा कार्यक्रमांच्या खुणांची लांबलचक यादी घेऊन प्रत्येक धारिका तपासतात; येणाऱ्या-जाणाऱ्या संदेशांवर पहारा करणारे 'स्नॉर्ट'सारखे पहारेकरी तेंच करतात. तेथें खुणा हजारोंनीं असतात. प्रत्येक खुणेसाठीं संदेश निराळा वाचावा लागला असता तर पहारा संपेपर्यंत चोर केव्हांच आंत गेला असता.

आतां माझ्या सूचीकडे येतों, कारण तेथें एक फजिती झाली. भाच्यानें दिलेली सूची मी कौतुकानें चाळूं लागलों तों 'राम' ह्या शब्दाखालीं 'ग्रामदेवता' असलेलीं पानें आलेलीं! खालीं पाहतों तर 'विश्राम'ही तेथेंच. मीं त्याला हांक मारली. तोही क्षणभर चकित झाला आणि मग हंसूं लागला. 'ग्राम' हा शब्द संगणक लिहितो कसा? ग, मग हलन्ताचें चिन्ह, मग र, मग काना, मग म. शेवटचीं तीन चिन्हें घ्या: र, काना, म. म्हणजे 'राम'. आपल्या डोळ्यांना 'ग्रा' हें एक जोडाक्षर दिसतें आणि त्यांत राम दिसत नाहीं. यंत्राला मात्र तो दिसतो. 'नगरजन' मध्यें त्याला 'गरज' सांपडली ती अशीच. यंत्र शब्द ओळखीत नाहीं, तें चिन्हांची रांग ओळखतें.

उपाय सोपा वाटला. सांपडलेल्या शब्दाच्या आधीं मोकळी जागा असेल तरच तो घ्यावा. तसें केलें आणि 'सीताराम' गेला. 'आत्माराम' गेला. शेवटीं एवढेंच ठरविलें कीं, आधीं हलन्त असेल तर शब्द टाकावा, एरवीं घ्यावा आणि माझ्या डोळ्यांखालून जाऊं द्यावा. 'आराम' मीं हातानें खोडला.

उलट दिशेची चूक अधिक वाईट होती, कारण ती दिसत नाहीं. 'गहू' ह्याखालीं फक्त सहा नोंदी. जात्यावरच्या चारशें पानांत गहू सहाच वेळां? मग लक्षांत आलें, ओव्यांत 'गव्हाचें' आहे, 'गव्हाला' आहे. 'गहू' हीं चिन्हें त्यांत नाहींतच. 'विहीर' शोधावी तर 'विहिरीवर' ह्यांतली वेलांटी ऱ्हस्व. 'तुळस' शोधावी तर 'तुळशीला'. 'सासू' शोधावी तर 'सासवा'. शिवाय बायकांच्या तोंडचें 'पानी' आणि आमच्या यादींतलें 'पाणी'. त्यांत भर म्हणून 'दुसऱ्या' ह्या शब्दांतला अर्धा र संगणकांत दोन निरनिराळ्या चिन्हक्रमांनीं लिहितां येतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एकसारखे, पण यंत्राच्या दृष्टीनें ते दोन शब्द. आमचा मजकूर दोघांनीं मिळून उतरवून घेतला होता, आणि दोघांची लिहिण्याची रीत वेगळी.

इंग्रजींत एका शब्दाचीं दोन-तीन रूपें लिहिलीं कीं बहुधा भागतें. मराठींत एक शब्द शोधावयाचा म्हणजेच अनेक शब्द शोधावयाचे. भाच्याची युक्ति मला खऱ्या अर्थानें उपयोगीं पडली ती येथें. मी आठ दिवस बसून प्रत्येक शब्दाखालीं त्याचीं सामान्यरूपें, बोलींतलीं रूपें, र्‍हस्व-दीर्घाचे भेद लिहीत गेलों. 'गहू'खालीं 'गव्हा', 'गहूं', 'गव्हू'. दोनशेंचे साडेसहाशें शब्द झाले. हातानें शोधावयाचें असतें तर एवढी रूपें यादींत घालण्याची छाती झाली नसती. वाडा मोठा झाला. वाचन तेवढेंच राहिलें.

"आतां किती वेळ लागेल?" मीं विचारलें.

"मामा, चहा घ्या," तो म्हणाला.

गव्हाच्या नोंदी एकोणसाठ निघाल्या. पिंपळाच्या तेवीस. पिंपळाच्या तेवीसही मीं पुस्तक उघडून एकेक ताडून पाहिल्या, आणि त्या जुन्या पोस्टकार्डाच्या उत्तरादाखल दुसऱ्या खंडाची एक प्रत त्या सभ्य वाचकाच्या पत्त्यावर पाठवून दिली.